रेडी-टू-हंट कंपाउंड बो घेताय? नाशिकात बसून तो नीट कसा निवडायचा

स्पीड ३२० आहे, ७० पौंडाचा आहे, सगळं सामान बॉक्समधेच येतंय, घेऊन टाकू का? कंपाउंड बो (दोन्ही टोकांना चाकं असलेलं धनुष्य) घ्यायला निघालेला जवळपास प्रत्येक जण हेच विचारतो, आणि त्या प्रश्नात त्याच्या स्वतःच्या हाताची लांबी किती, खांद्यात ताकद किती, तो मारणार कुठे, यातलं काहीच नसतं. बॉक्सवर जे आकडे असतात (स्पीड म्हणजे बाण सेकंदाला किती फूट जातो, पौंड म्हणजे दोरी ओढायला किती जोर लागतो) ते दुसऱ्याच कोणासाठी काढलेले असतात, अमेरिकेतल्या उंच धिप्पाड शिकाऱ्यासाठी म्हणा हवं तर. आपल्याला तोच बो घ्यायचाय पण आपल्या मापाने. खाली सगळं क्रमाने लिहितोय, लांब झालंय, पण पैसे टाकायच्या आधी एकदा पूर्ण वाचा.

आधी कायद्याचं बोलून घेऊ

नावात हंट आहे म्हणून कोणी स्वप्नं बघू नका. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यात शिकारीला बंदी आहे, आणि शिकार म्हणजे फक्त मारणं नाही, जखमी करणं, पकडणं, हाकणं आणि या सगळ्याचा नुसता प्रयत्न करणं पण त्यातच येतं. ससा, तितर, घोरपड, मोर, रानडुक्कर, काहीच सुटत नाही. दिंडोरी निफाडकडचे शेतकरी विचारतात की डुकरं पीक खाऊन जातात मग काय करायचं, तर त्यासाठी वनखात्याकडे अर्ज करायचा, लेखी परवानगीशिवाय काही करायचं नाही, ऑनलाइन घेतलेला बो हे त्याचं उत्तर नाही. आणि बिबट्या? सिन्नर निफाडच्या उसात बिबटे आहेत, शहरात पण येऊन जातात, पण धनुष्य घेऊन बिबट्यासमोर उभं राहायचा विचार डोक्यातून काढा, दिसला तर वनखात्याच्या १९२६ ला फोन करा.

मग रेडी-टू-हंट किट घ्यायचंच कशाला? कारण नवशिक्याला टार्गेट मारायला ते चांगलं चालतं. ॲडजस्टमेंट भरपूर असते, साइट (नेम धरायच्या पिना), रेस्ट (बाण टेकवायची जागा), पीप (दोरीतलं बघायचं छोटं भोक) असं बेसिक सामान लावून येतं, आणि टार्गेटचा स्पेशल बो सामानासकट घ्यायला गेलं तर खर्च कितीतरी जास्त होतो. आपल्याकडे कंपाउंडचं वारं पण आहे सध्या. २०२३ मधे बर्लिनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे दोघंही वैयक्तिक वर्ल्ड चॅम्पियन झाले, ओजसने तर फायनलला १५० पैकी १५० मारले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधे कंपाउंडची मिक्स्ड टीम पहिल्यांदाच येतेय. त्यामुळे घरातली पोरं मागे लागली असतील तर नवल नाही.

एक मात्र आत्ताच ठरवा. पुढेमागे मॅच खेळायचीय का? असेल तर कॅमो म्हणजे झाडापानांच्या डिझाइनचा बो घेऊ नका, वर्ल्ड आर्चरीच्या नियमात कॅमोफ्लाज चालत नाही. तोच बो काळ्या नाहीतर साध्या रंगात मिळतो, तो घ्या. आणि मॅचला कंपाउंडची लिमिट ६० पौंड आहे, म्हणजे ७० चा आकडा बघून जीव टाकायची गरजच नाही.

हात आणि डोळा

उजवा बो म्हणजे जो उजव्या हाताने ओढायचा आणि डाव्या हातात धरायचा. इथे खूप जणांचा गोंधळ होतो, धरणारा हात बघून ऑर्डर टाकतात. पण हातापेक्षा डोळा महत्त्वाचा. दोन्ही हात पुढे करून पंज्यांमधे छोटा त्रिकोण करा, त्यातून लांबची एखादी वस्तू बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने वस्तू त्रिकोणातच राहते तो तुमचा मुख्य डोळा. हात आणि डोळा एकाच बाजूचे असतील तर प्रश्न मिटला. वेगवेगळे असतील तर नवीन माणसाने शक्यतो डोळ्याच्या बाजूचा बो घ्यावा असं माझं मत आहे, कारण हाताला सवय लागते, डोळा बदलत नाही. काही जण दुसऱ्या डोळ्यावर पट्टी लावून मारतात, तेही चालतं. डावखुरा बो सहज मिळत नाही, तेव्हा ऑर्डरच्या आधी दोनदा विचारून घ्या.

ड्रॉ लेंग्थ, सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा

साध्या धनुष्यात तुम्ही दोरी किती ओढायची ते तुमच्यावर असतं. कंपाउंडमधे नाही. दोरी एका ठराविक जागी जाऊन थांबते, त्याला वॉल म्हणतात, आणि ती जागा कॅमवर, म्हणजे टोकांच्या चाकांवर, सेट केलेली असते. म्हणजे मापात चूक झाली की रोज, प्रत्येक बाणाला, तुम्ही चुकीच्याच पोजमधे मारणार.

माप काढायची पद्धत सोपी आहे. भिंतीला पाठ लावून उभे राहा, दोन्ही हात आडवे पसरा, पण ताणायचे नाहीत, सहज ठेवायचे, आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत दुसऱ्या कोणालातरी टेप धरायला सांगा. इंचात जे येईल त्याला २.५ ने भागा. सेंटिमीटरमधे मोजलं तर ६.३५ ने भागा. समजा १७० सेंमी आलं तर पावणेसत्तावीस इंचाच्या आसपास. हा सुरुवातीचा अंदाज, शेवटचा शब्द नाही. डी-लूपला (दोरीवरचा छोटा फास) रिलीज (दोरी सोडायचं ट्रिगरवालं साधन) अडकवून मारणार असाल, आणि तसंच मारणार आहात, तर दोन मापांच्या मधे अडकलात की अर्धा इंच कमीवर सुरू करा. थोडी कमी लांबी चालते, जास्त लांबी त्रास देते.

जास्त झाली हे ओळखायचं कसं तर, बो धरलेला खांदा वर कानाकडे जातो, माणूस मागे झुकतो, मान मागे टाकून दोरी शोधतो आणि दोरी सुटल्यावर हाताला चपराक बसते. कमी झाली तर पुढचा हात वाकलेला राहतो आणि ओढणारा कोपर बाणाच्या रेषेबाहेर राहतो, सगळं आखडल्यासारखं वाटतं. मोबाईलवर बाजूने व्हिडिओ काढला की लगेच कळतं.

आता किट निवडताना बघायचं ते असं की ड्रॉ लेंग्थ बदलायला काय लागतं. काही बोंमधे कॅमवरचं मॉड्यूल (दोरी कुठे थांबेल ते ठरवणारा तुकडा) फिरवता येतं, एक दोन स्क्रू सैल करायचे, सरकवायचे, घट्ट करायचे, घरी अॅलन कीने होतं. काहींमधे प्रत्येक मापाचं मॉड्यूल वेगळं विकत घ्यावं लागतं. आणि काहींमधे बो प्रेस लागतं, म्हणजे लिम्ब (बोच्या वाकणाऱ्या पट्ट्या) दाबून दोरी सैल करायचं मशीन. नाशिकात काही गल्लोगल्ली आर्चरीची दुकानं नाहीत की गेलो आणि प्रेसवर टाकला, त्यामुळे आपल्यासाठी फिरणाऱ्या मॉड्यूलवाला बो, यात तडजोड करू नका. बेअर क्रूझर जी२ मधे १२ ते ३० इंच आणि ५ ते ७० पौंड अशी रेंज आहे, डायमंडच्या इन्फिनिट एज प्रोमधे १३ ते ३१ इंच आणि ५ ते ७० पौंड, चायनीजमधे सानलिडा ड्रॅगन एक्स८ ला १८ ते ३१ इंच. घरात बाप, आई आणि बारा वर्षांची पोरगी तिघांना मारायचं असेल तर अशी मोठी रेंज खरंच कामाची, फक्त दर वेळी माप बदलल्यावर पीप आणि साइट पण परत लावावी लागते हे कोणी सांगत नाही.

किती पौंडाचा?

इथे पुरुषांचा इगो आडवा येतो. जिममधे शंभर किलो उचलणारा पण पाठीच्या ज्या स्नायूंनी धनुष्य ओढतात ते त्याने कधी वापरलेले नसतात. टेस्ट अशी करा, स्टुलावर बसा, बो टार्गेटच्या उंचीला सरळ समोर धरा आणि तिथूनच मागे ओढा. दोरी ओढायला बो आभाळाकडे उचलावा लागला, किंवा अंग हिसका मारून मागे गेलं, तर वजन जास्त आहे. ओढून झाल्यावर वीस पंचवीस सेकंद न थरथरता धरता यायला हवं, आणि मग बाण न सोडता सावकाश परत आणता यायला हवं, हे परत आणणंच जास्त अवघड असतं.

सुरुवातीला मोठ्या पुरुषांना ३५ ते ४५, बायकांना २५ ते ३५, शाळेतल्या पोरांना १० ते २० पौंड, अंगकाठीप्रमाणे कमीजास्त. ४० पौंडावर ५० मीटरचं टार्गेट आरामात मारता येतं. वाढवायचं तेव्हा दोन्ही लिम्ब बोल्ट सारखेच फिरवायचे, वरचा एक राउंड तर खालचा पण एकच, आणि मॅन्युअलमधे जितके राउंड सैल करायची परवानगी आहे त्याच्या पुढे जायचं नाही, नाहीतर लिम्ब पॉकेटमधून सुटू शकतं आणि मग तोंडावर काय येईल सांगता येत नाही. अजून एक, ७० पर्यंत जाणारा बो अगदी खाली ३० वर आणला तर चालतो पण जरा मरगळलेला वाटतो. तुम्ही ४५ च्या पुढे जाणारच नसाल तर ४० ते ५० किंवा ५० ते ६० असा साधा रेंजवाला मिळत असेल तर तो हातात जास्त छान वाटेल.

कोणाचा भाऊ अमेरिकेत आहे आणि तो तिकडे रीतसर लायसन काढून शिकार करतो, तर त्याचं गणित वेगळं. तिकडे अनेक राज्यांत हरणासाठी किमान ड्रॉ वेट ठरलेलं असतं, ३० ते ४० पौंडांच्या आसपास. त्याने आपल्या राज्याचा नियम बघून घ्यावा आणि त्याचा सल्ला तुम्ही इकडे लावू नका.

स्पीडचा आकडा

बॉक्सवरचा स्पीड ७० पौंड, ३० इंच आणि ३५० ग्रेनचा (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) हलका बाण धरून मोजतात. तुमचं २७ इंच आणि ४५ पौंड असेल तर साधारण दर इंचाला १० फूट प्रति सेकंद आणि दर पौंडाला २ कमी करा. ३१० वाल्याचे राहिले २३०. त्यात बाण जड घेतला की अजून कमी. तरी ते ताशी अडीचशे किलोमीटर होतात, पुठ्ठ्याच्या टार्गेटला अजून किती पाहिजे? स्पीडसाठी जास्तीचे पैसे देऊ नका, एवढंच.

त्यापेक्षा दोन गोष्टी बघा. एक, एक्सल टू एक्सल, म्हणजे वरच्या कॅमपासून खालच्या कॅमपर्यंतची लांबी. शिकारीचे बो झाडावरच्या मचाणात बसून मारायला छोटे बनवतात, २८ ते ३३ इंच, टार्गेटवाले ३६ ते ४० असतात. छोटा बो हातात जास्त हलतो, आणि उंच माणसाने ओढला की दोरीचा कोन इतका टोकदार होतो की नाकाला दोरी टेकवायला मान वाकवावी लागते. २८ च्या वर ड्रॉ लेंग्थ असेल तर निदान ३२ चा बघा. दुसरी ब्रेस हाइट, ग्रिपपासून दोरीचं अंतर. साडेसहा सात इंच असेल तर हाताच्या छोट्या चुका तो माफ करतो, सहाच्या खाली गेलं की स्पीड वाढतो आणि चुका पण वाढतात.

लेट-ऑफ पण विचारतात लोक. ५० पौंडाच्या बोला ८० टक्के लेट-ऑफ म्हणजे पूर्ण ओढल्यावर हातात फक्त १० पौंड उरतात. शिकाऱ्याला जनावर वळेपर्यंत थांबायचं असतं म्हणून हे जास्त ठेवतात. टार्गेटवाले बरेच जण ६५ ते ७५ पसंत करतात, हातात थोडं वजन असलं की नेम स्थिर राहतो. नवीन माणसाला ८० चालेल, यावर रात्र जागवू नका.

बॉक्समधे काय नसतं

रेडी म्हणतात पण ब्रँडेड किटमधे बहुतेक वेळा साइट, रेस्ट, बाण ठेवायचा क्विव्हर, छोटा स्टॅबिलायझर (बो स्थिर ठेवणारी दांडी), पीप आणि डी-लूप असतो. रिलीज नाही, बाण नाहीत, आर्मगार्ड नाही, केस नाही, टार्गेट नाही. काही चायनीज किटमधे रिलीज आणि बाण येतात पण बाण सगळ्यांना एकाच मापाचे असतात. म्हणजे बजेट करताना बोच्या किमतीत सगळे पैसे संपवू नका, वरचं सामान धरा. बाहेरून मागवत असाल तर कस्टम आणि कुरिअर धरल्यावर किंमत कुठच्या कुठे जाते, ते आधी विचारा.

बाणांचं जरा नीट ऐका, कारण इथे इजा होते. कार्बन बाणावर ४००, ५००, ६०० असा स्पाइन नंबर असतो, नंबर जितका मोठा तितका बाण लवचिक. तुमचं पाउंडेज, बाणाची लांबी आणि टोकाचं वजन यावरून कंपनीच्या चार्टमधे बघून घ्यायचा. ४०-४५ पौंड आणि २७ इंचाला बऱ्याचदा ५०० च्या आसपास येतो, तरी चार्ट बघाच. गरजेपेक्षा लवचिक बाण सुटताना मोडू शकतो आणि त्याच्या काड्या डाव्या हातात घुसतात. फार हलका बाण पण नको, बहुतेक कंपन्या दर पौंडाला निदान ५ ग्रेन सांगतात, म्हणजे ४५ पौंडाला २२५ च्या खाली कधीच नाही, आणि मी तर म्हणेन ३०० च्या वरच ठेवा, बो पण शांत वाजतो. टोकं साधी फील्ड पॉइंट घ्या, १०० ग्रेनची. ब्रॉडहेड म्हणजे पात्यांची टोकं किटबरोबर आली तर बाजूला काढून ठेवा, टार्गेट फाडतात आणि आपल्याकडे त्यांचा कायदेशीर उपयोग काही नाही. सहा बाण पुरतात, बारा असले तर बरं, आणि मारायच्या आधी प्रत्येक बाण कानाजवळ धरून हलका वाकवून बघायचा, कर्रकन आवाज आला की तो कचऱ्यात.

रिलीज मनगटाला पट्ट्याने बांधायचा, तर्जनीने ट्रिगर दाबायचा असा घ्या सुरुवातीला. अंगठ्याचे आणि हिंजवाले नंतर. रेस्टमधे ब्रशसारखी गोल व्हिस्कर बिस्किट असते ती नवीन माणसाला छान, बाण पडत नाही. ड्रॉप-अवे (बाण सुटताना खाली पडणारी) जास्त अचूक पण तिचं टायमिंग लावावं लागतं. साइट तीन पिनची खूप झाली. पुढे पैसे आले की आधी बाण, मग रिलीज, मग रेस्ट, साइट सगळ्यात शेवटी बदला. लोक नेमकं उलटं करतात.

बॉक्स घरी आला की

उघडतानाचा व्हिडिओ काढा. लिम्बवरून कापूस फिरवा, कुठे अडकला तर तडा असू शकतो. कॅमच्या कडा बोटाने चाचपा, दोरी आणि केबल आपापल्या खाचेत आहेत का बघा, सगळे स्क्रू अॅलन कीने तपासा. यातलं काही बिघडलेलं दिसलं तर ओढून बघायचं पण नाही, सरळ परत. जुना बो घेत असाल तर हेच सगळं, आणि वर दोरी बदलायचा खर्च धरा, दोन तीन वर्षांत दोरी बदलावीच लागते.

आणि ड्राय फायर. बाण न लावता दोरी सोडली की सगळी ताकद लिम्ब आणि कॅममधे जाते, बो तिथल्या तिथे फुटू शकतो. पाहुणे येतात, मामा म्हणतो दे जरा ओढून बघतो, ओढतो आणि सोडतो. हातातून काढून घ्या, वाईट वाटलं तरी चालेल. ज्याला बघायचंय त्याने टार्गेटसमोर, बाण लावून, रिलीजने.

सेटिंगला पहिल्यांदा रेस्टवरचा बाण साधारण आडव्या रेषेत आणि दोरीच्या सरळ रेषेत आणा, पीप डोळे मिटून ओढल्यावर आपोआप डोळ्यासमोर येईल इतका वर-खाली करा. मग तीन मीटरवर फ्रेमला कागद लावून त्यातून बाण मारा, मागे टार्गेट हवंच. भोक नीट गोल आणि पिसांच्या तीन चिरा आल्या तर झालं, फाटका लांबट आला तर रेस्ट अगदी थोडी सरकवा. साइटला एकच नियम, बाण जिकडे जातो तिकडे पिन न्या. बाण डावीकडे लागतायत, पिन डावीकडे. १० मीटरपासून सुरू करून १८ वर या, घाई नको. हे सगळं एखाद्या आर्चरी कोचसमोर करता आलं तर फार उत्तम. खरं तर आधी महिनाभर अकॅडमीच्या बोवर मारून मग आपला घेतला तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

मारायचं कुठे

गच्चीवर नाही, गंगापूर धरणाच्या काठावर नाही, पांडवलेणीच्या डोंगरावर नाही, सकाळी लोक फिरायला येतात त्या मैदानावर तर अजिबात नाही. ४५ पौंडाचा बाण चुकून वर सुटला तर दोनशे मीटरच्या पुढे जाऊन पडतो. रेंज, किंवा शेतात मारायचं असेल तर मागे मातीचा उंच बांध आणि बांधामागे वस्ती नसलेली जागा, शेजारच्याला सांगून. फोमचं टार्गेट कंपाउंडसाठीचं घ्या, रिकर्वचं पातळ टार्गेट बाण आरपार सोडतं. नेताना बो केसमधे, बाण वेगळे.

एप्रिल मेमधे गाडीत बो ठेवून कॉलेज रोडला जेवायला बसू नका, बंद गाडीतल्या उन्हाने दोरी ताणली जाते आणि लिम्बचे थर सुटू शकतात. पावसाळ्यात, त्यात इगतपुरी त्र्यंबककडे राहत असाल तर, मारून आल्यावर बो पुसून कोरडा करा, बोल्टला तेलाचा हात द्या, दोरी केसाळ दिसायला लागली की स्ट्रिंग वॅक्स बोटांनी चोळून आत जिरवा. दोरीवर जिथे दोरा गुंडाळलेला असतो तिथे वॅक्स लागत नाही.

अजून ठरत नसेल तर विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा, माझ्या मापाचं मॉड्यूल प्रेसशिवाय लागतं का, जास्तीत जास्त पौंड किती आणि किती खाली येतो, आणि दोरी-केबल इकडे कोण बदलून देतं. तिसऱ्याला उत्तर मिळालं नाही तर तो बो कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या.